चार पदरी पंचातून गाळलेली बिअर

मित्रांनो, गॅरेजच्या कोपऱ्यात मला पाहून तुमच्यापैकी पुष्कळजण म्हणतील, हा अंघोळीचा बंब इथे कोणी आणून ठेवला? मी बंब नाही. माझ्या पोटात कधी जाळ नव्हता. मी बिअरचा केग आहे, म्हणजे उभट, स्टीलचं, घट्ट झाकणाचं पिंप. वयाने मी तुमच्या काकांएवढा असेन. माझी गोष्ट बोधप्रद आहे. बिअर तुम्ही पिऊ नका. गोष्ट मात्र शेवटपर्यंत ऐका.

खरं तर माझा जन्म बिअरसाठी झालाच नव्हता. तरुणपणी माझ्या पोटात काळा, गोड, चिकट पाक असे. एका सिनेमागृहाच्या मागच्या खोलीत मी उभा असायचो. त्या पाकात पाणी आणि गॅस मिसळून मुलांना पेलाभर सरबत मिळायचं. पडद्यावर नायक मेला की विक्री वाढायची. पुढे हाच पाक पुठ्ठ्याच्या खोक्यातून यायला लागला. पुठ्ठा स्वस्त, आणि घासावा लागत नाही. आम्हा केगना मागच्या अंगणात पावसात उभं करून ठेवलं. पुठ्ठ्याने माझं पोट मारलं, मित्रांनो. तो मला आयुष्यात आणखी एकदा भेटायचा होता, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

तिथून मला मिलिंदने आणलं. मिलिंद मूळचा पुण्याचा, राहायला इंग्लंडमधल्या रीडिंगला, नोकरी मेडनहेडच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत. त्याच्या घराला गॅरेज होतं आणि त्यात गाडी सोडून सगळं होतं. त्याने मला सुटं केलं, माझ्या जुन्या रबरी कड्या फेकून नव्या घातल्या, आतून बाहेरून चकाकेपर्यंत धुतलं आणि बायकोला हाक मारली. "मनीषा, बघ! ब्यूटी आहे, ब्यूटी!" मनीषा दारातून म्हणाली, "माझ्या वाढदिवसाला असं कधी म्हणाला नाहीस." माझ्या कौतुकाचे दिवस ते हेच.

आता थोडं शास्त्र सांगतो, कारण त्याशिवाय क्रौर्य कळत नाही. बिअर आंबून तयार झाली की तिला हवा म्हणून लागू द्यायची नाही. कापलेल्या सफरचंदाचं जे होतं तेच बिअरचं होतं, फक्त दिसत नाही. जीभ लावली की कळतं. ओला पुठ्ठा चावल्यासारखं लागतं. म्हणून मिलिंद मला आधी पाण्याने काठोकाठ भरायचा आणि नळकांड्यातल्या गॅसने ते पाणी बाहेर ढकलायचा. आत उरायचा फक्त गॅस. मग आंबवणाच्या पिंपापासून माझ्यापर्यंत बंद नळी जोडून बिअर अशी सरकवायची, की तिने जगाचं तोंडही पाहू नये. पूर्वी काही घरांत मुली वाढवायचे, तसं.

एवढं करूनही बिअर गढूळ असते. ती निवळावी म्हणून मिलिंद माशाच्या पोटातल्या फुग्यापासून केलेला एक चीक पिचकारीने, झाकण न उघडता, माझ्या आत सोडायचा. मग मला गॅरेजमधल्याच थंडगार फ्रिजमध्ये उभं करायचा. चीक सगळा गाळ कवटाळून तळाशी जातो. मनीषाने एकदा विचारलं, "पण हे व्हेज आहे का?" मिलिंद म्हणाला, "मासा खाली बसतो, आपण वरचं पितो." बऱ्याच घरांतला शाकाहार असाच चालतो.

हा सगळा खटाटोप क्लबसाठी होता. घरी बिअर करणाऱ्यांचा एक क्लब गावातल्या पबच्या मागच्या खोलीत जमायचा. सगळे इंग्रज आणि एक मिलिंद. वर्षातून एकदा स्पर्धा. आदल्या वर्षी त्यांचे मुख्य परीक्षक कॉलिन यांनी मिलिंदची बिअर दिव्यासमोर धरली, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "इंटरेस्टिंग." इथे राहणाऱ्यांना या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. संध्याकाळभर मग मिलिंदशी फक्त हवामानावर बोललं गेलं. त्या दिवसापासून त्याने एकच ध्यास घेतला. बिअर आरपार दिसली पाहिजे.

अशा घरात श्रीकांतराव आले.

श्रीकांतराव म्हणजे मनीषाचे वडील. नागपूरच्या शाळेत चित्रकलेचे मास्तर होते. बायको गेल्यावर मुलांनी त्यांना सहा महिन्यांच्या व्हिसावर इकडे बोलावलं. आधी ते लंडनमधल्या क्रॉयडनला, मुलाकडे उतरले. मुलाचं नाव समर. तिथे त्यांना दिवसभर काम नव्हतं. एक दिवस त्यांनी सुनेचा महागाचा नॉनस्टिक तवा घेतला आणि त्यावर चढलेलं काळं काथ्याने घासघासून पार काढून टाकलं. तवा चांदीसारखा झाला. दुसऱ्या दिवशी समर त्यांना गाडीत घालून रीडिंगला सोडून गेला. म्हणाला, "बाबा, इकडे गार्डन आहे. तुम्हाला बरं वाटेल."

मिलिंदने मनीषाला गॅरेजमध्येच सांगितलं. दार उघडं होतं आणि बाहेर श्रीकांतराव गार्डन पाहत उभे होते, पण मिलिंदचा आवाज मुळात ऐकू जाण्यासाठीच असतो. "क्रॉयडनचं झालं. आता इथे एक गोष्ट बिघडली ना, की मी तिकीट पुढे ओढणार आहे. सरळ नागपूर."

"हळू बोल ना," मनीषा म्हणाली. 'असं बोलू नकोस' म्हणाली नाही, एवढं माझ्या लक्षात आहे.

नागपूरच्या फ्लॅटची बेल वाजली, तर ती चुकून वाजलेली असे. हे श्रीकांतरावच एकदा मला म्हणाले होते. रीडिंगनंतर त्यांच्यापुढे तेवढाच मुक्काम उरला होता. म्हणून ते या घरात असे राहत, जसा परीक्षेच्या हॉलमध्ये कॉपी न करणारा मुलगा बसतो. हात सगळ्यांना दिसतील असे.

सोफ्यावर बसले की मनीषा म्हणे, "बाबा, मागे टेकू नका हं, डोक्याचं तेल लागतं." स्वयंपाकघरात गेले की, "बाबा, राहू दे, मी करते." मग ते गॅरेजमध्ये यायचे, पालथ्या बादलीवर बसायचे आणि मिलिंदचं काम पाहायचे. मिलिंद नसला की माझ्याशी बोलायचे. "तुझं बरं आहे बाप्पा," म्हणायचे, "तुला कोणी टेकू नको म्हणत नाही."

क्लबच्या स्पर्धेआधीच्या आठवड्यात मिलिंदने ऑफिसला जाण्यापूर्वी माझ्या नळातून पेलाभर बिअर काढली. पहिला पेला तळातला गाळ घेऊन येतो. हे त्याला ठाऊक असतं, पण घाबरलेल्या माणसाला ठाऊक असलेलं आठवत नाही.

"शी! नाल्याचं पाणी!" त्याने पेला फळीवर आदळला. बादलीवर श्रीकांतराव बसले होते. त्यांच्याकडे पाहून तो म्हणाला, "ही निवळली नाही ना बाबा, तर मला तिथे तोंड दाखवायला जागा नाही." आणि ट्रेन पकडायला पळाला.

मित्रांनो, त्या घरात जावयाने सासऱ्याशी बोललेलं पहिलं अख्खं वाक्य ते. त्याआधी "हं", "नको" आणि "तिथे नको" एवढंच होतं. श्रीकांतरावांनी ते वाक्य मनात दोनदा म्हणून पाहिलं असावं. मग ते उठले. "जवाईबापूंनी सांगितलं नं," ते मला म्हणाले, "मग करून टाकू."

गढूळ पाणी कसं निवळतं हे आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असतं. तुरटी फिरवायची, थोडं ठेवायचं आणि चार पदरी फडक्यातून गाळून घ्यायचं. त्यांनी आधी हातपाय धुतले. पेटीतून कोरा पंचा काढला. दाढीनंतर फिरवायची तुरटी होती, पण ती उष्टी म्हणून नवा खडा फोडला. मनीषाची सगळ्यांत मोठी पातेली मांडली. आणि फ्रिज उघडून मला बाहेर घेतलं.

माझ्या झाकणावर एक कडी असते. ती उचलली की आतला दाब सुटतो. मिलिंदला ती उचलताना त्यांनी पाहिलं होतं आणि हा कुकर आहे हे त्यांचं मत केव्हाच बनलं होतं. त्यांनी चमच्याच्या दांड्याने, हात भाजू नये म्हणून जपून, कडी उचलली. मी जिवाच्या आकांताने ओरडलो. पण माझं ओरडणं म्हणजे शिट्टी. आणि शिट्टी झाली की डाळ शिजली, एवढंच माणसाला पिढ्यान्‌पिढ्या शिकवलेलं आहे. त्यांनी समाधानाने मान हलवली आणि झाकण काढलं.

पुढचं सांगताना अजून माझ्या कड्या सैल पडतात. जिने जगाचं तोंड पाहू नये म्हणून एवढी दक्षता घेतली, ती बिअर त्यांनी पातेल्यांत ओतली. तुरटी गोल गोल फिरवली, उजवीकडून डावीकडे, सावकाश. पंचाची झोळी करून गाळली. आणि माझ्यात परत ओतताना, लेकरासाठी दूध गार करावं तशी उंचावरून धार धरली. पांढरा फेस उसळला. रीडिंगमध्ये होती नव्हती तेवढी हवा तिच्यात गेली. मग त्यांनी झाकण बसवलं, गॅसची तोटी होती तशी फिरवली, मला फ्रिजमध्ये परत उभं केलं, फरशी पुसली आणि पंचा वाळत घातला. एक थेंबही सांडला नव्हता. मला आजवर इतक्या प्रेमाने कोणी हाताळलेलं नाही, आणि इतकं वाटोळंही कोणी केलेलं नाही.

चार-पाच दिवसांत बिअर निवळली. निवळली ती थंडीने आणि माशाच्या चिकाने. काही न करता बसलं असतं तरी निवळलीच असती. पण आपण हात लावला आणि काम झालं, यातला संबंध माणसाला जोडावाच लागतो. नाहीतर तो कशासाठी उठणार?

मिलिंदने पेला भरला, त्यामागे मोबाइल धरला आणि त्यातून मेसेज वाचून दाखवला. "बाबा, बघा! आरपार! आर... पार!" आणि त्याने चक्क श्रीकांतरावांच्या खांद्यावर हात ठेवला. घोट घेतल्यावर त्याच्या कपाळाला आठी पडली. त्याने पुन्हा पेल्याकडे पाहिलं आणि आठी गेली. "हॉप्सचा बाइट आहे," म्हणाला. हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं. माणसं डोळ्यांनी पितात, मित्रांनो.

श्रीकांतरावांच्या ओठांवर गोष्ट आली होती. मी पाहिलं. पण त्यांनी ती गिळली. "आता नाही," मिलिंद गेल्यावर ते मला म्हणाले, "बक्षीस लागू दे. तेव्हाच सांगतो चारचौघांत. मग कोण पाठवते नागपूरला?"

स्पर्धेच्या संध्याकाळी मला गाडीच्या डिकीत घातलं. श्रीकांतराव मागच्या सीटवर, लग्नकार्याचा कोट घालून. पबच्या मागच्या खोलीत पेले मांडले होते. कॉलिननी आमचा पेला दिव्यासमोर धरला.

"ब्रिलियंट," कॉलिन म्हणाले.

परीक्षकांच्या भाषेत हा शब्द फक्त रंगरूपाचा असतो. पण श्रीकांतरावांना शाळेतलं इंग्रजी येत होतं. त्यांनी कोटाचं बटण लावलं.

मग कॉलिननी घोट घेतला. तोंडात फिरवला. बादलीत थुंकला. बराच वेळ ते दातांवरून जीभ फिरवत राहिले आणि अत्यंत सभ्यपणे म्हणाले, "ओला पुठ्ठा. खूपच ओला. आणि मागून... माफ करा, पण नुकतीच दाढी केल्यासारखं काहीतरी." दुसऱ्याने चाखली आणि "व्हेरी ब्रेव्ह" म्हटलं. तिसरा रुमाल शोधत राहिला.

"इम्पॉसिबल!" मिलिंद म्हणाला. "क्लोज्ड ट्रान्सफर केलाय मी. एक बबल हवा गेलेली नाही!"

'ब्रिलियंट'नंतरचं काहीच श्रीकांतरावांच्या कानात शिरलं नव्हतं. जावयाचा वर गेलेला आवाज त्यांना आनंदाचा वाटला. ते उभे राहिले.

"सर," ते म्हणाले, "धिस क्लीनिंग, आय डिड."

आणि त्यांनी करून दाखवलं. कडी कशी उचलली, तुरटी कशी फिरवली, पंचाचे चार पदर कसे केले, धार किती उंचावरून धरली. चित्रकलेचे मास्तर. हवेत सगळं रेखीव दिसत होतं.

कॉलिननी हातातला पेला खाली ठेवला. मग कॉलिन हसले. मग सगळेच हसले, टेबलं थापटून. ज्या लोकांनी वर्षभर मिलिंदशी पावसाखेरीज काही बोलणं केलं नव्हतं, त्यांनी त्याला मिठ्या मारल्या.

मिलिंदचा चेहरा आधी पांढरा पडला होता. त्याने सासऱ्याकडे पाहिलं, हसणाऱ्या खोलीकडे पाहिलं आणि हिशेब केला. इतकं झटपट गणित मी त्याला कधी करताना पाहिलं नव्हतं. "बाबा," तो मोठ्यांदा म्हणाला, "यांना नीट दिसलं नाही. परत सांगा ना. कशातून गाळलीत?"

"पंचातून. न्यू क्लॉथ, सर. वेरी क्लीन."

"अंघोळीनंतर कमरेला गुंडाळतात, तोच ना?" मिलिंदने इंग्रजीत विचारलं.

"येस, येस," श्रीकांतराव म्हणाले. हशाने छप्पर उडालं.

त्यांनी ते चार वेळा करून दाखवलं. उशिरा आलेल्यांसाठी खुर्चीवर उभं राहून एकदा. दर वेळी ते जास्त चांगलं करत गेले. कोपऱ्यात मनीषा हसत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते कशाचं हे केगला कळत नाही.

शेवटी क्लबने त्यांना बक्षीस दिलं. रिबीन बांधलेला मोठा लाकडी चमचा, आमटी ढवळायचा असतो तसा. त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला, कपाळाला लावला. त्या टाळ्या मी डिकीत ऐकल्या नाहीत, मित्रांनो. मी तिथेच होतो, टेबलावर, भरलेला. माझ्यातलं कोणी दुसऱ्यांदा मागितलं नव्हतं.

इंग्रजांच्या देशात लाकडी चमचा सगळ्यांत शेवटी येणाऱ्याला देतात. खोलीत हे एकालाच ठाऊक नव्हतं.

रविवारी मनीषा गॅरेजमध्ये आली. "बाबा, समर म्हणत होता, आधीच्या फ्लाइटचं तिकीट मिळतंय. नागपूरला आता थंडी किती छान असेल ना?"

श्रीकांतराव बादलीवर बसून चमचा पुसत होते. "पण जवाईबापू तर खूश होऊन राहिले," ते म्हणाले.

"हो, खूश आहे तो." मनीषाने त्यांच्या कॉलरवरचा धागा काढला. "म्हणूनच म्हणते. चांगलं चाललंय तोवर..." वाक्य तिने अर्धवट ठेवलं. या घरात जावई त्यांच्याशी अख्खं वाक्य एकदाच बोलला होता, आणि त्याचं काय झालं ते तुम्ही पाहिलंतच.

ती गेल्यावर शेजारच्या पॅटबाई उघड्या दारातून डोकावल्या. श्रीकांतरावांनी चमचा उंच धरला. "प्राइझ!"

पॅटबाईंना वाटलं, म्हातारा गमतीचा आहे. त्या मोकळेपणी हसल्या. "ओ लव्ह! वुडन स्पून! म्हणजे तुम्ही लास्ट आलात!"

श्रीकांतरावही हसले. अगदी त्यांच्याइतकंच, त्यांच्यानंतर जरासं उशिरा. "येस, येस," म्हणाले. "लास्ट."

त्या गेल्या. मग त्यांनी दोरीवरचा पंचा काढला, चमचा त्यात गुंडाळला, चारही पदर नीट दुमडले आणि पेटीत ठेवला. फेकला नाही. का नाही फेकला, ते मला पुढे कळलं.

श्रीकांतराव परत गेल्यावर दर रविवारी दुपारी मिलिंदची नवी मित्रमंडळी गॅरेजमध्ये जमायला लागली. मिलिंद नागपूरला व्हिडिओ कॉल लावायचा. "बाबा, कॉलिन आलाय! दाखवा!" आणि पडद्यावर श्रीकांतराव लग्नाचा कोट घालून तयार असत, हातात रिबीनवाला चमचा. कडी उचलायचे, तुरटी फिरवायचे, धार धरायचे. हसं पिकायचं. श्रीकांतरावांना आता सगळं ठाऊक होतं. पण तो चमचा होता म्हणून फोन येत होता. शेवटी ते म्हणायचे, "जवाईबापू, पुन्हा गढूळ झाली तर सांगा. मी येतो." तेव्हा मंडळी सगळ्यांत जास्त हसायची.

माझ्या पोटातला तुरटपणा मात्र काही केल्या जात नाही, असं मिलिंदचं म्हणणं. त्याने नवा केग आणला. मला झाकण काढून कोपऱ्यात ठेवलं. आता माझ्या पोटात हवाच हवा आहे. सोबतीला एक कोळी आहे. तो गरीब आहे.

पुढे कॉलिनच्या बायकोने रुबार्ब नावाच्या आंबट देठांची वाइन केली आणि तिची बाटली चर्चच्या जेवणात फुटली. ही गोष्ट नवी होती. रविवारचे फोन थांबले.

परवाच्या रविवारी फळीवरचा मोबाइल आपणहून वाजला. पडद्यावर लग्नाचा कोट दिसत होता. मिलिंद नव्या केगला नळी जोडत होता, दोन्ही हात गुंतलेले. मनीषा दारातून म्हणाली, "अरे, बाबांचा आहे. घे ना."

"आत्ता नाही," मिलिंद म्हणाला. "हात काढला तर हवा आत जाईल."

त्याने कोपराने मोबाइल पालथा केला. तो फळीवर थरथरत राहिला आणि मग थांबला. बिअर शांतपणे या पिंपातून त्या पिंपात गेली. एक बुडबुडाही आला नाही. असं निर्दोष काम मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

म्हणून मित्रांनो, एवढीच विनंती. केगची काळजी घ्या. त्याच्या रबरी कड्या वेळच्या वेळी बदला, वापरून झाला की लगेच धुवा आणि झाकण घट्ट लावा. घट्ट लावलेल्या झाकणाआड काही वाजत असलं, तरी ते बाहेर ऐकू येत नाही.